दगडाच्या आधी चिठ्ठी: कॉलेजच्या स्टोअरमधे सापडलेले जुन्या खाणींचे नमुने

मॅडम, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. नॅकच्या म्हणजे कॉलेजच्या दर्जा तपासणीच्या तयारीत स्टोअररूम रिकामी करताना चार लाकडी कपाटं आणि बावीस पत्र्याच्या पेट्या निघाल्या, त्यात दगडं, काहींवर हट्टी, काहींवर येल्लंदू, काहींवर केजीएफ म्हणजे कोलारच्या सोन्याच्या खाणी लिहिलेलं, आणि लांब खाचांच्या लाकडी ट्रेमधे दंडगोल तुकडे. प्राचार्य म्हणायलेत चमकणारे वीस-पंचवीस धुऊन शोकेसला लावा, बाकीचं निकाली काढा. तुम्ही विचारलंय धुवायचे कशानं, टिकवायचे कसे, आणि संशोधनाला यांचा खरंच काही उपयोग आहे का आपणच उगाच भावनिक व्हायलोत.

मी तीसेक वर्षं भूशास्त्र शिकवलं, त्यातली बरीच वर्षं विभागाच्या संग्रहाची किल्ली माझ्याच खिशात होती, म्हणून जरा लांबण लावतो. पण पहिली गोष्ट आधी. धुवायचं काहीच नाही. एक पण नाही. पाण्याची बादली त्या खोलीत न्यायचीच नाही.

कारण तुमचा खरा प्रश्न धुण्याचा नाहीच. दगड कुठल्या खाणीतला, कुठल्या पातळीवरचा, कुठल्या शिरेतला, कुणी कधी काढला, हे त्याच्यासोबत शिल्लक आहे का नाही, हा प्रश्न आहे. ते शिल्लक असेल तर तो नमुना. नसेल तर तो धोंडा, मग कितीही चमकू द्या. आणि ही माहिती दगडात नसते, ती चिठ्ठीवर असते, दगडावर रंगवलेल्या आकड्यात असते, पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला असते, ज्या कागदात गुंडाळलंय त्यात असते, आणि बऱ्याचदा कुठला दगड कुणाच्या शेजारी ठेवलाय त्या क्रमात असते. साफसफाईत पहिल्यांदा हेच जातं.

आता हे आपल्या भागात आलं कुठून असं तुमच्या एका सहकाऱ्यानं विचारलंय, की मराठवाड्यात तर सगळा काळा दगड, इथं सोन्याच्या खाणीचं काय काम. आपण 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होतो ना. हट्टीची सोन्याची खाण रायचूर जिल्ह्यात, ते पण त्याच राज्यात, आणि येल्लंदूचा कोळसा पण. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या किंगसाहेबांना येल्लंदूजवळ कोळसा सापडला 1871 ला, 1886 ला हैदराबाद डेक्कन कंपनीनं हक्क घेतले, 1920 ला तिचं सिंगरेणी कोलियरीज नाव झालं. आपली जुनी कॉलेजं उस्मानियाला जोडलेली, मराठवाडा विद्यापीठ आलं 1958 ला. म्हणजे शिकवायला दगडं पाहिजेत म्हटल्यावर मास्तर लोक आपल्याच राज्याच्या खाणीतून आणणार. केजीएफ म्हैसूर राज्यात, ते सहलीत किंवा अदलाबदलीत आलं असेल. हट्टीच्या पट्ट्यातली जाता जाता एक गोष्ट. मस्कीचा अशोकाचा शिलालेख, ज्यात अशोक हे नाव स्पष्ट लिहिलेलं आहे, तो 1915 ला बीडन नावाच्या सोन्याच्या खाणीच्या इंजिनिअरला सापडला. सोनं शोधता शोधता अशोक सापडला.

उपयोग आहे का? आहे, आणि दिवसेंदिवस वाढतोय. केजीएफ 28 फेब्रुवारी 2001 ला बंद झाली, 3 किलोमीटरच्या वर खोल गेलेली खाण, पंप थांबले, पाणी भरलं. आता तिथल्या खालच्या लेव्हलचा ताजा तुकडा कुणी आणून देऊ शकत नाही. हट्टी चालू आहे, पण वरच्या लेव्हलचं खनिज केव्हाच गिरणीत दळून गेलं, त्यातला एखादा हातभर तुकडा तुमच्या पेटीत असेल तर तेवढाच उरलाय असं समजा. दुसरं म्हणजे तेव्हा लोकांनी फक्त सोनं बघितलं. सोन्याच्या शिरांमधे शीलाइट म्हणजे टंगस्टनचं खनिज असतं, अँटिमनी असतं, टेल्युरियम असतं, आणि 2023 ला केंद्र सरकारनं जी 30 महत्त्वाच्या खनिजांची यादी काढली त्यात हे तिन्ही आहेत. शीलाइट शॉर्टवेव्ह अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली निळसर पांढरं पेटतं, अंधाऱ्या खोलीत बघितलं की अंगावर काटा येतो. नोटा तपासायच्या टॉर्चवर मात्र भरोसा ठेवू नका, तो लाँगवेव्ह असतो, त्यात काही दिसलं नाही म्हणून शीलाइट नाही असं ठरवू नका.

आणि घरचंच उदाहरण देतो. 1993 च्या भूकंपानंतर किल्लारीला जे खोल भोक मारलं ते 617 मीटर, त्यात वरचे 338 मीटर आपला ट्रॅप म्हणजे काळा दगड, मग थोडा गाळाचा थर आणि त्याच्याखाली मूळ पाषाण. भोक मारलं भूकंप समजून घ्यायला, पण तो कोअर, म्हणजे भोकातून निघालेला दंडगोल दगड, जपून ठेवला म्हणून पुढं कित्येक वर्षं लोक त्याच्यावर वेगवेगळे प्रश्न घेऊन काम करत राहिले. तेव्हा कुणी म्हणलं असतं की भूकंपाचं काम झालं, आता ट्रे रिकामे करा, तर?

बरं आता माझी चूक सांगतो म्हणजे धुऊ नका हे डोक्यात बसेल. नोकरीची सुरुवातीची वर्षं, विभागाला तपासणी समिती यायची होती, मी उत्साहात दहा-बारा पोरं लावली, बादल्या, ब्रश, निरमा, आणि दोन दिवसात तीनशे नमुने चकाचक. पोरांना वडापाव दिला. तिसऱ्या दिवशी कॅटलॉग घेऊन बसलो तर साठ-सत्तर दगडांवरचे आकडे गेलेले. ते आकडे ऑइलपेंटचे नव्हते, साध्या शाईचे होते, वर सरस फिरवलेला, पाण्यात विरघळला. चिठ्ठ्या पोरांनी बाजूला नीट ठेवल्या होत्या, एका घमेल्यात, सगळ्या एकत्र. चाळीस चिठ्ठ्या, साठ दगडं, आणि कुणाची कुठली ते सांगायला कुणी जिवंत नाही. त्यातले आठ-दहा मी पुढच्या पंधरा वर्षांत जोडू शकलो. बाकीचे अजून "ठिकाण अज्ञात" म्हणून पडलेत.

म्हणून पहिला आठवडा नुसता मोबाईल घेऊन काम करा. खोलीच्या दारातून एक फोटो, मग प्रत्येक कपाटाचा, प्रत्येक खणाचा, प्रत्येक पेटी उघडल्या उघडल्या वरून एक, काहीही न हलवता. शेजारी पट्टी आणि पेटीचा नंबर लिहिलेला कागद. मग एकेक दगड उचलायचा, त्याचा आणि त्याच्या चिठ्ठीचा एकाच फ्रेममधे फोटो, चिठ्ठीच्या दोन्ही बाजू. नवीन नंबर द्या पण जुना खोडू नका. जुन्यावर जुना, त्याच्यावर तिसऱ्या कुणाचा, असे तीन नंबर एका दगडावर असले तर तिन्ही लिहून घ्या, ते त्या दगडाचं रेशनकार्ड आहे असं समजा.

चिठ्ठ्यांवरच्या तारखांत आपल्याकडं एक खास गोची असते, ती बाहेरच्या तज्ज्ञांना माहीत नसते. निजामाच्या काळातल्या चिठ्ठीवर 1349 असं काही दिसलं तर दचकू नका. ते फसली म्हणजे निजामाचं महसुली साल असतं किंवा हिजरी. फसलीत 590 मिळवले की इसवी येतं, म्हणजे 1349 फसली हे 1939-40. पण तेच 1349 हिजरी धरलं तर 1930-31 होतं. नऊ-दहा वर्षांचा फरक, आणि खाणीत नऊ-दहा वर्षांत लेव्हल बदलते, मालक बदलतो. ओळखायचं कसं, तर महिन्यावरून. आजूर, दै, बहमन, तीर, शहरेवर असं काही असेल तर फसली. मोहरम, सफर, रज्जब असेल तर हिजरी. उर्दू वाचता येत नसेल तर गावातला जुना दस्तलेखक किंवा मुनसफ कोर्टात हयात घालवलेला एखादा वकील गाठा, जुन्या खासरापत्रकांमुळं त्यांचा डोळा बसलेला असतो. मी असाच एका रिटायर्ड तलाठ्याला घेऊन बसलो होतो, दोन चहात चौदा चिठ्ठ्या वाचून दिल्या, आणि एका चिठ्ठीवर मी ज्याला खाणीचं नाव समजत होतो ते शिपायाचं नाव निघालं. पेटी कुणी उचलून आणली त्याची नोंद होती ती.

गुंडाळलेलं वर्तमानपत्र पण फेकू नका. त्याच्यावर तारीख असते. चिठ्ठी नसली तरी निदान पॅकिंग कधीचं ते कळतं.

आता टिकवण्याकडं येऊ. इथं मात्र सरसकट उत्तर नाही, कारण सगळ्या दगडांचा आजार एक नसतो, एकाला जे औषध ते दुसऱ्याला विष. शिवाय तुमची खोली गळते का, पत्रे आहेत का स्लॅब, भिंतीला ओल येते का, हे तुम्ही लिहिलं नाही. मी पत्रे धरून चालतो, आपल्याकडं स्टोअररूम म्हटलं की पत्रेच.

सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे गंधकाची खनिजं. पायराइट, मार्कासाइट, पायरोटाइट. हट्टी आणि केजीएफच्या पेट्यांत हे असणारच, आणि कोळशात पण असतं. हवेतली ओल आणि ऑक्सिजन लागला की पायराइट कुजतं, हो, दगड कुजतो, त्यातून लोहाचं सल्फेट आणि गंधकाचं आम्ल बाहेर पडतं, आणि ते आम्ल आधी चिठ्ठी खातं, मग पुठ्ठा, मग शेजारचा दगड, मग पत्रा. मी एक पेटी उघडली होती, झाकण निघेना म्हणून पान्हा लावला, उघडल्याबरोबर दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी अंगणात येतो तसला वास. आत दगडाच्या जागी पिवळट पांढरी भुकटी, मधे बारीक केसांसारखे तंतू, आणि चिठ्ठी तपकिरी होऊन बोट लावताच पापडासारखी तुटली. शिल्लक राहिलं ते "ट्टी" आणि त्याच्यापुढं एक सात का एक. पेटीच्या बुडाला रुपयाएवढं भोक पडलेलं. वर त्याच पेटीत शेजारी ठेवलेला चांगला क्वार्ट्झ, त्याच्यावरचा आकडा पण गेला.

म्हणून फोटो झाल्यावर पहिली छाननी नाकानं करा. वास येतो, भुकटी आहे, कागद जळाल्यासारखा आहे, असली पेटी ताबडतोब बाजूला. तिच्यातल्या चिठ्ठ्या सगळ्यात आधी वेगळ्या प्लास्टिकच्या पाकिटात, दगडाचा नंबर पाकिटावर लिहून. दगडाची भुकटी कोरड्या मऊ ब्रशनं झटकायची, मास्क लावून, पाणी नाही. मोठे चकचकीत घनाकार पायराइट असतात ना, ज्याला पोरं सोनं समजतात, त्यांना सहसा पन्नास वर्षं काही होत नाही. बारीक दाण्याचं, काळसर, शेंगदाण्याच्या कुटासारखं दिसणारं जे असतं ते कुजतं. म्हणजे शोकेसला लावायला प्राचार्य जे निवडतील ते धट्टंकट्टं, आणि जे निकाली काढायला निघालेत त्यालाच दवाखान्याची गरज, असा प्रकार.

आर्द्रता 60 टक्क्यांच्या वर गेली की हे जोरात चालतं. एकदा कुजायला लागलेल्याला 30 च्या आसपास ठेवावं लागतं. आता तुमच्या गावात जुलै-ऑगस्टला 80-85 असते, एसी लावणं कुणाला परवडत नाही, आणि एसी लावून रात्री बंद करणं तर न लावण्याहून वाईट. पण आपल्याकडं एक फुकटची गोष्ट आहे, मे महिना. मे मधे दुपारी आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की तिच्यासाठी युरोपातली म्युझियमं वीजबिलं भरतात. मी काय करायचो, तर मे मधे ते नमुने दोन-तीन आठवडे सावलीत उघडे सुकवायचे, आणि मृग लागायच्या आत रबरी गॅस्केटच्या घट्ट डब्यात सिलिका जेलच्या पिशवीसोबत बंद करायचे. पदार्थ ठेवायचे ते प्लास्टिकचे डबे चालतात, स्टीलचे मात्र नको. झिपलॉकच्या पातळ पिशवीवर विसंबू नका, तिच्यातून ओल हळूहळू जातेच. जेल नारंगी रंगाचं घ्या, निळ्यात कोबाल्ट असतं. रंग बदलला की केमिस्ट्रीच्या ओव्हनमधे 110-120 अंशावर दोन-तीन तास, परत वापरता येतं. डब्यात एक छोटं डिजिटल हायग्रोमीटर म्हणजे ओल मोजायचं यंत्र, दोन-चारशे रुपयांत मिळतं. अमोनियाची वाफ देऊन आम्ल मारायची पद्धत आहे, पण ती ज्याला हातखंडा आहे त्यानं चांगल्या फ्युमहूडखाली, म्हणजे वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात करायची, तुमच्या खोलीत नको.

आता याच्या बरोब्बर उलट. तुमच्या कपाटात आपल्या ट्रॅपमधली झिओलाइटं पण असणार, प्रत्येक कॉलेजात असतात, विहिरी खोदताना नाहीतर खदानीत निघालेली. स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, आणि त्यांच्यासोबत निघणारं अपोफिलाइट, यांचं काही नाही, धूळ झटकली की झालं. पण लॉमोंटाइट म्हणून एक आहे, त्याच्यातलं पाणी कोरड्या हवेत निघून जातं आणि मग ते दुधाळ पांढरं होऊन खडूसारखं ढासळतं. त्याला मे महिना म्हणजे काळ. सिलिका जेलच्या डब्यात लॉमोंटाइट ठेवलं तर तुम्हीच मारलं म्हणायचं. पायराइट जुलैत मरतं आणि लॉमोंटाइट मे मधे, दोघं एका कपाटात सुखानं राहूच शकत नाहीत, एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मं काम झालं.

कोळशाचं वेगळं. ऐंशी वर्षांपूर्वीचा येल्लंदूचा कोळसा हवेत राहून ऑक्सिडाइज झालेला असतो, त्याची उष्णता किंवा ओलावा मोजून आजच्या कोळशाशी तुलना करायची नाही, आकडे फसवतात. पण त्यातले परागकण आणि बीजाणू, राखेतली मूलद्रव्यं, पॉलिश करून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं काम, हे सगळं होऊ शकतं. सोबतच्या शेलवर, म्हणजे पातळ थरांच्या गाळाच्या दगडावर, पानांचे ठसे असतील, जिभेच्या आकाराची ग्लोसोप्टेरिसची पानं, तर त्याच्यावर वार्निश मारू नका. कुणीतरी आधीच मारलेलं असेल तर तसंच राहू द्या. खरवडायला जाऊ नका.

आता धोक्याचं. घाबरायचं नाही पण हलक्यात पण घ्यायचं नाही. सोन्याच्या खनिजात आर्सेनोपायराइट असतं, हातोडी मारली की लसणासारखा वास येतो, तो आर्सेनिकचा. त्या खोलीत चहा-फराळ बंद, काम झालं की हात साबणानं. जुन्या संग्रहात ॲस्बेस्टॉस हमखास असतं, पुलिवेंदलाकडचं क्रिसोटाइल शिकवायला आणलेलं, पांढरं रेशमी धाग्यासारखं. पोरांना ते पिंजायला लई आवडतं. ते उघडा हात न लावता दोन पिशव्यात बंद करा, वर ठळक लिहा आणि परत उघडू नका. तोंडाला रुमाल बांधून काही होत नाही, एन-95 पण ॲस्बेस्टॉसला पुरत नाही, पी-100 गाळणीचा मास्क लागतो. तिसरं म्हणजे काळं, जड, डांबरासारखं चमकणारं काही पेग्मटाइटमधे, म्हणजे मोठमोठ्या स्फटिकांच्या दगडात दिसलं, नेल्लोरच्या अभ्रकाच्या खाणीची चिठ्ठी असली, तर ते किरणोत्सारी असू शकतं. फिजिक्सच्या लॅबमधे जीएम काउंटर असतो, तो आणून सगळ्या पेट्यांवरून एकदा फिरवा, अर्ध्या दिवसाचं काम आहे. काही बोललाच काउंटर, तर तो नमुना बसायच्या जागेपासून लांब, हवा खेळती असेल तिथं ठेवा आणि हैदराबादच्या परमाणु खनिज निदेशालयाला पत्र लिहा. मी फिरवला होता तेव्हा एकच बोलला होता, आणि तो नेमका माझ्या खुर्चीच्या मागच्या कपाटात.

ते लांब खाचांचे ट्रे म्हणजे कोअर बॉक्स. त्यातले दंडगोल म्हणजे ड्रिलनं जमिनीतून काढलेला कोअर, आणि तो पुस्तकासारखा वाचायचा असतो, वरच्या ओळीत डावीकडून उजवीकडं, मग खालची ओळ. मधेमधे लाकडाचे छोटे ठोकळे असतील, त्यांच्यावर फुटाचे आकडे. ते ठोकळे म्हणजे पानांचे नंबर. ठोकळा हलला तर पुस्तक गेलं. ट्रे उचलताना दोन माणसं, आडवाच उचलायचा. बूड वाळवीनं खाल्लेलं असेल तर उचलूच नका, खालून प्लायवुडचा तुकडा सरकवा. आणि हलवायच्या आधी कोअरच्या पूर्ण लांबीवर मार्करनं दोन समांतर रेघा ओढा, एक लाल एक निळी, बऱ्याच ठिकाणी पद्धत अशी की वरचं टोक वर धरलं की लाल उजवीकडं आली पाहिजे. उद्या तुकडे सांडले तरी खालवर कळतं. हे मी शिकलो ते एका ठिकाणचे ट्रे बघून, जिथं ट्रेचं लाकूड कँटीनच्या चुलीत गेलं होतं आणि कोअर भिंतीकडंला शेंगदाण्याच्या ढिगासारखा पडला होता. मीटरभर पण कुणाला ओळखता येईना.

ठेवायचं कुठं याच्यात फार डोकं लावू नका. स्लॉटेड अँगलचा लोखंडी रॅक, भिंतीपासून हातभर सोडून, जमिनीपासून वीतभर वर. सागवानी कपाटं दिसायला भारी असतात, पण बंद लाकडी कपाटात लाकडातली आम्लं साचतात, गॅलेनासारख्या शिशाच्या खनिजांना ती बाधतात, ती खनिजं कपाटाबाहेर काढा. कापूस लावू नका, टोकदार स्फटिकात अडकतो. नंबर टाकायचा तर ॲसिटोनमधे विरघळवलेलं पॅरालॉइड बी-72 नावाचं पारदर्शक राळेसारखं रसायन, त्याचा ठिपका, वाळल्यावर शाईनं आकडा, वर परत एक थर, आणि तो दगडाच्या बिनमहत्त्वाच्या बाजूला. फेविकॉल नाही, सेलोटेप तर अजिबात नाही.

संशोधनाला द्यायचं म्हणजे काय, ते पण सांगतो, कारण इथं कॉलेजं दोन्ही बाजूंनी चुकतात. एक तर कुणाला बघू पण देत नाहीत, नाहीतर कुणी ओळखीचा आला की अख्खा दगड रुमालात बांधून देतात. नियम साधा ठेवा, निम्म्याहून जास्त कधीच द्यायचं नाही, कापायच्या आधी फोटो आणि वजन, उरलेली पूड आणि सूक्ष्मदर्शकासाठी कापलेला पातळ छेद परत आलाच पाहिजे, आणि निष्कर्षाची प्रत तुमच्या रजिस्टरला. ज्याला दळायचंय त्याला विचारा कशात दळणार. टंगस्टन कार्बाइडच्या गिरणीत दळून त्यात टंगस्टन शोधायला बसलेला माणूस मी बघितलाय. टंगस्टन सापडलं की, भरपूर सापडलं! दगडावरचा जुना रंग पण शिशाचा असू शकतो, म्हणून नंबर रंगवलेली बाजू विश्लेषणाला द्यायची नाही.

आता प्राचार्य. त्यांच्याशी भांडू नका, त्यांची अडचण खरी आहे, जागा पाहिजे. तुम्ही ऑफिसातून जुनं डेड स्टॉक रजिस्टर मागवा. या पेट्यांची नोंद त्यात असेल तर निर्लेखन म्हणजे रजिस्टरातून वस्तू कमी करायच्या समितीशिवाय त्या फेकताच येत नाहीत, आणि निर्लेखनाचा कागद नॅकच्या तोंडावर फिरवायला कुठल्याच प्राचार्याला आवडत नाही. एवढ्यानंच तुम्हाला सहा महिने मिळतील. त्या रजिस्टरमधेच कधी कधी "दगड, नग 140, अमुक खाण, रुपये 35" अशी ओळ सापडते आणि तुमची एखादी चिठ्ठी हरवलेली पेटी ओळखू येते. शोकेस त्यांना जरूर द्या. ज्यांच्या चिठ्ठ्या नाहीत, ठिकाण कळत नाही, असे चमकणारे क्वार्ट्झ, स्टिल्बाइट, अपोफिलाइट लावा, उन्हाच्या खिडकीसमोर नको. चिठ्ठीवाला एकही शोकेसला नको. पाहुण्यांना फरक कळत नाही.

सांभाळणं जमणारच नाही असं वाटलं, तुमची बदली होणार असेल, विभागच बंद पडणार असेल, तर संग्रह अख्खा द्या, फोडून देऊ नका. नांदेडच्या विद्यापीठात भूशास्त्र संकुल आहे, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची मोठी कार्यालयं नागपूरला आणि हैदराबादला आहेत. नुसतं "आमच्याकडं जुनी दगडं आहेत" म्हणून फोन केला तर कुणी दाद देणार नाही. फोटो, यादी, खाणीचं नाव, लेव्हल, साल, असा तक्ता पाठवला तर घेतील का हे त्यांच्या जागेवर आणि यादीवर आहे, पण वाचतील नक्की. तक्ता एक्सेलमधे करा, एक प्रिंट काढून पेटीत ठेवा, पेनड्राइव्हवर विसंबू नका.

तुमच्याकडं मृगाला अजून पाचेक आठवडे आहेत. फोटो आणि वासाची छाननी एवढं झालं तरी पुरे, रॅक वगैरे दिवाळीपर्यंत होत राहील. आणि तुम्ही जो पेटी नंबर सातचा फोटो टाकलाय त्यात डाव्या कोपऱ्यात चिठ्ठीवर आकड्याच्या आधी एक शब्द आहे, मला तो "बहमन" वाटायलाय पण अंगठ्याची सावली पडलीय. तेवढा एक फोटो परत काढा, चिठ्ठी उचलू नका, टॉर्च बाजूनं धरा.